अण्णांचा ‘हँडी’

“थांबा. शब्द येतोय.”

असं म्हणून अण्णा उजवा हात वर करायचे, अंगठा आणि बोट चिमटीसारखं जुळवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. सगळं कोर्ट थांबायचं. जज्जसाहेब लेखणी उचलून थांबायचे. साक्षीदार पिंजऱ्यात तोंड उघडं टाकून बघत राहायचा. मग अण्णांचे डोळे खाडकन उघडायचे आणि चेहऱ्यावर असा आनंद पसरायचा की जणू लांबच्या गाडीनं भाऊ आलाय आणि डब्यातून उतरताना दिसलाय.

अण्णा बेळगावच्या सेशन्स कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार कानडीत बोलला की त्याचं इंग्रजी करायचं, साहेब इंग्रजीत बोलला की ज्युरीसाठी मराठी करायचं, आरोपीला कानडीत सांगायचं, आणि हे सगळं उभ्याउभ्या, दिवसभर. मी तेव्हा नुकता वकील झालेलो, टिळकवाडीतल्या एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली कागद सांभाळणारा. इंग्रजांचं राज्य तेव्हा अजून पक्कं वाटत होतं.

तुम्ही कधी कोर्टात बसला असाल तर दुभाष्याचा आवाज कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. कंटाळलेला, नाकातून येणारा, सगळ्यांसाठी एकच. अण्णांचं तसं नव्हतं. साक्षीदार रडला की अण्णांचा गळा भरून यायचा. एकदा गोकाककडच्या एका बाईनं उलटतपासणी करणाऱ्या वकिलाला कानडीत असं झोडपलं की बाहेरचे पट्टेवाले आत डोकावले. अण्णांनी ते सगळं इंग्रजीत, त्याच पट्टीत, त्याच हातवाऱ्यांसह वकिलाच्या तोंडावर सुनावलं. वकील संतापले. जज्जसाहेबांनी दुभाष्याला आवाज खाली आणायला सांगितलं. अण्णा अदबीनं म्हणाले, “साहेब, आवाज त्या बाईंचा आहे. मी फक्त पोचवला.”

ते मूळचे खानापूरच्या बाजूच्या एका खेड्यातले. घरी भाताची शेती. मराठी आईची, कानडी बाजाराची, आणि इंग्रजी मिशनच्या शाळेतली. या तिन्ही भाषा त्यांच्या अंगात अशा मुरल्या होत्या की झोपेत कोणत्या भाषेत बोलतात ते त्यांच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. कोर्टात त्यांचं मराठी पुस्तकी असायचं. पण कोर्टाची पायरी उतरून खडेबाजाराकडे वळले की खानापूरचं शेत त्यांच्या जिभेवर परत यायचं. “वकीलसाहेब, आज एक लई झकास शब्द घावलाय,” असं म्हणत ते माझा कोट धरून मला रस्त्याच्या कडेला ओढायचे. टांगे जवळून जायचे. अण्णांना दिसायचे नाहीत.

असाच एक शब्द त्यांना एकदा सापडला. कॅम्पातल्या दोन गोऱ्या सोल्जरांची मारामारी झाली होती, त्याच्या खटल्यात एक सोल्जर दुसऱ्याबद्दल म्हणाला की तो मुठींच्या बाबतीत हँडी आहे. अण्णांना हँडी म्हणजे सोयीचा, हाताशी असलेला, एवढंच माहीत होतं. त्यांनी चिमूट वर केली, डोळे मिटले, पण शब्द येईना. शेवटी जज्जसाहेबांनीच हसून समजावलं: हा माणूस हात उगारायला तयार असतो, असा त्याचा अर्थ.

मग काय विचारता. आठवडाभर अण्णा जो भेटेल त्याला हँडी सांगत होते. सोयीची वस्तू ती हँडी, आणि मारकुटा माणूस तोही हँडी. एकाच शब्दाच्या एका खिशात रुमाल आणि दुसऱ्यात दगड. घरी तर कहर झाला. त्यांच्या घरच्यांना आम्ही आक्का म्हणायचो. आक्का मला एकदा वैतागून म्हणाल्या की हे सारखं हंडी हंडी करतात, घरात चार हंड्या आहेत, आणखी कसली हवी ते एकदा सांगून टाका.

त्याच दिवसांत निपाणीचा खटला उभा राहिला.

निपाणीत तंबाखूची एक मोठी वखार होती. दिवस मावळायच्या सुमाराला तिथल्या कामगारांत आणि माल जोखणाऱ्या तोलारात भांडण जुंपलं. वखारीत अंधारून आलेलं, तंबाखूच्या धुळीनं डोळे चुरचुरत होते, सगळे एकमेकांवर तुटून पडलेले. गर्दी पांगली तेव्हा तोलार पोटाला हात लावून खाली बसला होता. दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. पोलिसांनी बोरगावच्या एका तरुण कामगाराला धरलं. पानाच्या मधली जाड शीर सुरीनं सोडवायची, हे त्याचं काम. ते काम करणाऱ्या प्रत्येकाकडे सुरी होती. पण हा जखमीच्या सगळ्यांत जवळ उभा होता, आणि एका माणसानं त्याला हात वर करताना पाहिलं, असं म्हणणं होतं. खून. म्हणजे दोरी.

आरोपीच्या बाजूनं माझे थोरले वकीलसाहेब होते, आणि त्यांच्या मागे मी. आरोपी कमी बोलणारा, रुंद पंजांचा. त्याची बायको बोरगावहून कुणाच्या तरी बैलगाडीनं, मोटारीनं, जमेल तसं बेळगावला आलेली आणि रोज व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. आत काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. अण्णा मधल्या सुट्टीत तिच्याजवळ उकिडवे बसून तिला सांगायचे. ते त्यांचं काम नव्हतं.

सरकारी वकिलांनी त्या वखारीत पान पारखायला येणाऱ्या एका विलायती साहेबाला साक्षीला बोलावलं. भांडणाच्या वेळी साहेब शेजारच्या खोलीत होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. सुरी आरोपीचीच का, एवढंच त्याच्याकडून वदवून घ्यायचं होतं. सुरी त्यानं ओळखली. मग सरकारी वकिलांनी सहज विचारलं, तुम्ही या माणसाला कितपत ओळखता? साहेब म्हणाला, चांगला ओळखतो. ही इज व्हेरी हँडी विथ अ नाइफ.

अण्णांचे डोळे लकाकले. या वेळी चिमूट वर गेली नाही, थांबा म्हणाले नाहीत. शब्द त्यांच्याकडे आठवड्यापासून तयार होता. ज्युरीकडे वळून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “सुरी उगारायला याचा हात सदा तयार असतो.”

कुणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? ज्यांना इंग्रजी येत होतं, म्हणजे जज्जसाहेब, दोन्ही बाजूंचे वकील आणि मी, ते सगळे साहेबाचं इंग्रजी ऐकून पुढच्या प्रश्नाकडे गेले होते. अण्णांचं मराठी ऐकत होते फक्त ते ज्युरर. आणि फाशी की सुटका ते त्यांच्या तोंडून ठरायचं होतं. साहेब पिंजऱ्यातून उतरला. जेवणाची सुट्टी झाली.

मी बाहेर चिंचेखाली उभा होतो. थोड्या वेळात अण्णा माझ्याकडे आले, आणि त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं यांना भोवळ येतेय. ते माठाकडे पाणी प्यायला गेले होते. पलीकडे दोन ज्युरर पान लावत होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, आता आणखी काय पाहिजे, त्याचा साहेबच सांगतोय की हा सुरी काढणारा गडी आहे.

“मी सांगितलं ते,” अण्णा म्हणाले. “साहेब न्हाय. मी.”

मला क्षणभर उलगडा होईना. त्यांनी साहेबाचं वाक्य पुन्हा म्हटलं, मग आपलं मराठी म्हटलं, तेव्हा मला चूक दिसली. साहेब काय म्हणाला असेल? हा सुरीच्या कामात तरबेज आहे, याचा हात बसलाय. जो माणूस दिवसभर पानाच्या शिरा सोडवतो त्याच्याबद्दल दुसरं काय म्हणणार? पण अण्णांच्या डोक्यात सोल्जरांच्या मुठी होत्या.

आम्ही धावत थोरल्या वकीलसाहेबांकडे गेलो. ते डबा उघडून बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की गडबड करू नका, शेवटच्या भाषणात मी तो शब्द नीट समजावून सांगेन. आता उकरून काढलं तर तुमच्या नोकरीवर येईल. ते खोटं नव्हतं. अण्णा फार रंगून काम करतात म्हणून शिरस्तेदार त्यांच्यावर आधीच खार खाऊन होते, आणि दुभाषी शपथेवर असतो. चुकीचं भाषांतर ही साधी गोष्ट नव्हती.

अण्णा म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही भाषण इंग्रजीत करणार. ते ज्युरीला सांगणार कोण? मीच. एकाच तोंडानं मी सकाळी एक सांगू आणि दुपारी दुसरं, तर त्यांनी माझं कुठलं खरं मानायचं?”

थोरल्या वकीलसाहेबांनी डबा झाकला. आणि तेवढ्यात अण्णांना दुसरंच काही सुचलं. साहेब. साक्ष संपलेला साहेब निपाणीला परत निघाला असणार.

अण्णा उठले आणि पळत सुटले. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्यावर पगडी, अंगात लांब काळा कोट, पायांत कोल्हापुरी. एक पायताण कोर्टाच्या आवारातच निसटलं. मी ते उचलून मागे धावत होतो. फाटकाबाहेर साहेबाची मोटार सुरू झाली होती, धूर सोडत होती. अण्णा सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि कानडीत शिवी दिली. साहेब खिडकीतून डोकं काढून बघू लागला. त्याला नक्की वाटलं असणार की हा कुणी वेडा आहे.

धाप लागलेली असतानाही अण्णांनी एक गोष्ट सोडली नाही. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. तुम्ही काय म्हणालात, तुमचा अर्थ काय होता, हे साहेबाला बाहेर विचारणं म्हणजे साक्षीदाराला पढवणं. ते फक्त इंग्रजीत एवढंच म्हणाले की साहेब, कोर्टाला तुमची कदाचित पुन्हा गरज पडेल, कशासाठी ते सांगायचा मला अधिकार नाही, पण एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, जाऊ नका. साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग एका हातात पायताण घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यानं बघितलं. आणि मोटार बंद करायला सांगितली.

कोर्ट भरलं. जज्जसाहेब बसतात न बसतात तोच अण्णा आपल्या जागेवरून पुढे आले. दुभाष्यानं आपणहून बोलायचं नसतं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यात ना चढ ना उतार. ते म्हणाले की सकाळच्या साक्षीतल्या एका वाक्याचं मी ज्युरीला सांगितलेलं मराठी चुकीचं असावं, आणि ते दुरुस्त व्हावं अशी माझी विनंती आहे.

सरकारी वकील ताडकन उठले. म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत दुभाष्याला आरोपीच्या वकिलांबरोबर बोलताना पाहिलं आहे. खोलीत कुजबुज झाली. हे खरंच होतं, आणि ते ऐकायला किती वाईट वाटत होतं ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

जज्जसाहेबांचा चेहरा लाल झाला. ते अण्णांना म्हणाले की तुम्ही शपथेवर आहात हे तुम्हाला ठाऊक आहे ना.

“त्यासाठीच उभा आहे, साहेब,” अण्णा म्हणाले.

मग जज्जसाहेबांनी साक्षीदार अजून आहे का, असं विचारलं, आणि मी जवळजवळ ओरडलोच की आहे. साहेब पुन्हा पिंजऱ्यात आला. जज्जसाहेबांनी त्याला स्वतः विचारलं की आरोपी सुरीच्या बाबतीत हँडी आहे असं तुम्ही म्हणालात, त्याचा अर्थ काय?

साहेबाला प्रश्नच कळेना. तो म्हणाला, अर्थ काय म्हणजे? तो चांगला कारागीर आहे. पान न फाडता शीर सोडवणारा तसा हात साऱ्या वखारीत दुसरा नाही. जज्जसाहेबांनी विचारलं, तो सुरी घेऊन अंगावर धावणारा आहे, असं तुम्हाला म्हणायचं होतं का? साहेबानं आरोपीकडे पाहिलं, जणू आत्ताच त्याला समजलं की आपल्या एका वाक्याचं काय झालं होतं. तो म्हणाला की नाही, मुळीच नाही, या माणसाला मी कधी आवाज चढवतानाही पाहिलं नाही.

आता हे ज्युरीला सांगायचं होतं. सगळ्यांचे डोळे अण्णांवर. आणि त्या दिवशी पहिल्यांदा, इंग्रजी येणारे आम्ही सगळे त्यांचं मराठी कान देऊन ऐकत होतो. अण्णा ज्युरीकडे वळले. आधी ते म्हणाले की सकाळी मी तुम्हाला जे सांगितलं ते साहेबांचं नव्हे, माझं होतं, ते विसरून जा. मग साहेबाचं म्हणणं त्यांनी सांगितलं, “याचा हात कामावर बसलेला आहे. पान न फाडता शीर सोडवतो. असा कारागीर वखारीत दुसरा नाही. अंगावर धावून जाताना याला कधी पाहिलं नाही.” मग आरोपीकडे वळून तेच कानडीत. त्याला मराठी उत्तम येत होतं. पण नेम म्हणून अण्णांनी तेही केलं, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला.

बाकीचा पुरावा मग आपोआप पातळ झाला. हात वर करताना पाहिलं म्हणणाऱ्याला अंधारात नक्की काय दिसलं ते सांगता येईना. ज्युरीनं निर्दोष म्हटलं. सुरी कुणी मारली ते अखेरपर्यंत कळलं नाही. व्हरांड्यात अण्णांनी त्या बाईला सांगितलं तेव्हा तिनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

जज्जसाहेबांनी अण्णांना दोष दिला नाही. पण साक्षीदाराची मोटार अडवणं, वकिलांशी बोलणं, हे त्यांना शिस्तीत बसणारं वाटलं नाही. महिन्याभरात अण्णांना दुभाष्याच्या जागेवरून काढून कागदांच्या नकला करण्याच्या खात्यात बसवलं. मी भेटायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं ते खचले असतील. खचलेही होते, पहिल्यांदाच मी त्यांना खिडकीबाहेर नुसतं बघत बसलेलं पाहिलं. मी निघताना ते म्हणाले, “आत कुणीतरी कानडीत रडतंय. नवीन माणूस काय म्हणून सांगतोय, द्येव जाणे.”

पण त्यांचा पिंड दुःखाचा नव्हता. एका रविवारी सकाळीच ते सायकलवरून टिळकवाडीत माझ्या दारात. सायकल कुंपणाला टेकवायचंही सुचलं नाही, तशीच पडली. कॅम्पात एक म्हातारे पाद्रीसाहेब राहायचे, त्यांच्याकडे इंग्रजीचा भला मोठा शब्दकोश होता, अनेक जाडजूड खंडांचा. अण्णा तिथं कितीतरी रविवार जाऊन बसत होते. ज्या शब्दानं त्यांचा पाय घसरवला होता त्याचा माग काढत.

“सुरवातीला त्याचा अर्थ एवढाच,” ते म्हणाले, “हातानं केलेलं. मग हाताजवळचं. मग ज्याचा हात चांगला तो. आणि हाताजवळची वस्तू सोयीची, म्हणून सोयीचं. गलबतसुद्धा हँडी असतं वकीलसाहेब, सुकाणूला झटकन वळतं ते.” मराठीतही तसंच नाही का, असं मला विचारून माझ्या उत्तराची वाट न बघता ते सुटले. हाताशी. हातखंडा. हात बसणं. हात उगारणं. कानडीत कै म्हणजे हात, आणि कैचळक म्हणजे हाताची सफाई. सगळ्यांना हात दोनच, आणि सगळ्यांनी त्याच हातातून हे सगळं काढलं. बायको चहा घेऊन आली, तो गार झाला.

मग ते एकदम हळू बोलायला लागले. म्हणाले की या शब्दाचा एक फार जुना नातेवाईक आहे, आता कुणी वापरत नाही. त्याचा अर्थ होता जवळचा. कुशल. आणि सभ्य. गोड वागणुकीचा. “सभ्य,” ते पुन्हा म्हणाले. “आणि मी त्या शब्दाला खुनी केलं हुतं.” आणि हसले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते खरोखर हसत होते, एवढा त्यांना त्या शोधाचा आनंद झाला होता.

बोरगावचा तो माणूस दरवर्षी पावसाळ्याच्या आधी त्यांच्याकडे यायचा. काही आणलं तर अण्णा घेत नसत, म्हणून तो काही न आणता यायचा, छपरावर चढून कौलं सारखी करायचा, आक्कांच्या हातची भाकरी खायचा आणि जायचा.

सत्तेचाळीस साल उजाडलं तेव्हा कचेरीत एकच चर्चा होती. साहेब जाणार, इंग्रजी जाणार. कुणीतरी अण्णांना चिडवलं की आता तुमच्या इंग्रजीचं काय करायचं. अण्णा उत्साहानं म्हणाले की आता तर खरं काम, आता दोन्हीकडची आपलीच माणसं. त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं, मराठी आणि कानडीच्या मध्ये. त्यांनी तसा अर्जही केला होता. पण उन्हाळ्यात ताप आला, आणि ऑगस्टची वाट न बघता ते गेले. त्या वर्षी बोरगावचा माणूस आला तो सरळ स्मशानात.

मला ते आठवतात ते मात्र त्याच्या थोडं आधीचे, कोर्टासमोरच्या चिंचेखाली. एक लहान मुलगी, आईबाप गेलेली. तिचे वडिलांकडचे आजोबा सौंदत्तीकडचे, त्यांना मराठीचा गंध नाही. तिची आजी, आईची आई, खानापूरच्या जंगलाकडची, तिला कानडी येत नाही. मुलगी कुणाकडे राहावी यावरून दोघं कोर्टात आले होते आणि एकमेकांकडे बघतही नव्हते. अण्णा नकलांच्या खोलीतून कशाला तरी बाहेर आले, आणि त्यांच्यामध्ये उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. आजोबा कानडीत गरजले, अण्णा मराठीत गरजले. आजी मराठीत रडली, अण्णा कानडीत रडले. असं किती वेळ चाललं कोण जाणे. हळूहळू आजोबांचा आवाज उतरला. आजी त्यांच्याकडे बघून बोलू लागली, ते तिच्याकडे बघून. मुलीच्या आईला लहानपणी कशाची भीती वाटायची, असं काहीतरी आजी सांगत होती आणि आजोबा मान डोलवत होते, आपल्या मुलाचं तसंच काही आपल्या भाषेत सांगत होते.

अण्णा केव्हाच गप्प झाले होते. मग ते दोन पावलं मागे सरले, वळले आणि आपल्या खोलीत निघून गेले. ती दोघं बोलत राहिली, ही मराठीत, ते कानडीत. खूप वेळानं आजीला काहीतरी अडलं. तिनं बाजूला पाहिलं, मग मला विचारलं,

“हितं एक माणूस हुता न्हवं? त्यो कुठं गेला?”